नावं वाचायच्या आधी

अक्का,

बाराव्याला तुमच्या मळमड्डीच्या घरी पुष्कळ माणसं होती. आत जागा उरली नव्हती, म्हणून अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. सगळी तुमच्याबद्दलच बोलत होती. कोणी तुमच्या लिंबाच्या लोणच्याबद्दल, कोणी तुमच्या फटकळ तोंडाबद्दल, कोणी म्हातारपणीही तुम्ही स्कूटर सोडली नाहीत त्याबद्दल. समोरच्या घरातल्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या ना? वसुधाक्का टेलिफोन खात्यात होत्या म्हणे. फोन जोडून द्यायच्या का?"

मी म्हटलं, "नाही. उलट. त्या फोन अडवायच्या."

बाई "म्हणजे?" म्हणाल्या. तेवढ्यात पानं वाढली आणि विषय तिथंच राहिला. घरी येताना मात्र मला चुटपुट लागली. तुमच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम मी असं अर्ध्या वाक्यात उरकून टाकलं. ते नीट सांगायला हवं. तुम्हाला त्यातलं सगळं ठाऊक आहे, तरी तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कोणाला सांगायला लागले की माझी गाडी भरकटते, आणि तुमचं दटावणं आठवतं, "पहिल्यापासून सांग की. उड्या मारू नको."

तर पहिल्यापासून.

मी धारवाडच्या एक्स्चेंजमध्ये रुजू झाले तेव्हा इंजिनीअर म्हणून दोनच बायका होत्या, एक तुम्ही आणि एक मी. दारात चपला काढायच्या आणि आत गारठ्यात जायचं. माणसांपेक्षा उंच कपाटांच्या रांगा, त्यांचा सततचा घुमणारा आवाज, आणि साडीवर पुरुषी मापाचा करडा स्वेटर घालून स्क्रीनसमोर बसलेल्या तुम्ही. त्या सगळ्या कपाटांना मिळून 'स्विच' म्हणायचे. गावातल्या कोणीही रिसीव्हर उचलला की त्याला कोणाशी बोलायचंय, वाट मोकळी आहे का, हे ठरवणारं ते यंत्र. तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "ये तंगी, खुर्ची ओढून घे."

कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे हुबळीत वाढलेल्या मला सांगायला नको होतं. पण पुढे कधीतरी बाबा मला भेटायला आले आणि तुम्ही त्यांच्यादेखत तशी हाक मारलीत. हुबळीच्या बाजारात आमचं तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान. बाबा हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, दुकानदाराच्या पोरीला तंगी म्हणू नका हो, धंद्याला बरं नव्हे." तुम्ही इतक्या हसलात की पलीकडच्या खोलीतून लोक बघायला आले. त्यानंतर बाबा कधीही आले की तुमच्यासाठी काहीतरी आणायचे, आणि तुम्ही ते सगळ्या खोलीला वाटून टाकायचात.

मला तुम्ही शिकवलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे गर्दी कशी आवरायची. परीक्षांचे निकाल फोनवर सांगायची सोय तेव्हा नवी होती. निकालाच्या दिवशी अख्खा जिल्हा एकच नंबर फिरवायचा. मी नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली. मी म्हटलं, "अक्का, हुबळी-धारवाडमधल्या लाइनी वाढवून घेऊ. जास्त फोन जातील."

तुम्ही विचारलंत, "लग्नाच्या हॉलचं दार एकच असलं आणि तू समोरचा रस्ता रुंद केलास, तर माणसं लवकर आत जातील?"

"नाही."

"मग काय होईल?"

"दारात जास्त माणसं जमतील."

"आणि त्या रस्त्यावरून दवाखान्यात निघालेल्या बाईचं काय?"

मग तुम्ही मला दाखवलंत. ज्या नंबरावर गर्दी आहे त्या नंबराला ठरावीक अंतराने एकच फोन सोडायचा. बाकीचे तिथंच, निघायच्या आधीच थांबवायचे. हुबळीचे फोन हुबळीतच थांबवायचे, ते धारवाडपर्यंत येऊन मधली वाट अडवून बसता कामा नयेत. "गर्दी वेशीवर अडवायची असते," तुम्ही म्हणालात, "देवळाच्या पायरीवर अडवून उपयोग नाही." दवाखाने, अग्निशमन, पोलिस यांच्या लाइनी वेगळ्या काढून त्यांना आधी वाट. आणि सोडायचं अंतर फार आवळायचं नाही, फार सैल ठेवायचं नाही. ते किती, हे पुस्तकात नव्हतं. तुम्ही एक आकडा घालायचात, स्क्रीनकडे बघत बसायचात, थोडा बदलायचात, पुन्हा बघायचात. मी आलेल्या फोनांचे आकडे मोजत असे. तुम्ही माझ्या बोटावर पेन्सिल मारायचात. "किती आले ते बघू नको. किती जणांचं बोलणं झालं ते बघ."

त्या निकालाच्या दिवशी काहीच झालं नाही. लोकांनी फोन केले, काहींना लागले, काहींना पुन्हा करावे लागले, आणि त्याच वेळी गावात कोणाचं तरी बाळंतपण अडलं असेल तर डॉक्टरांना फोन लागला. साहेबांचा शाबासकीचा फोन आला नाही, वर्तमानपत्रात काही आलं नाही. संध्याकाळी तुम्ही मला कोपऱ्यावरच्या गाड्यावर नेऊन चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलंत आणि म्हणालात, "आज आपलं काम चांगलं झालं, कारण कोणाला कळलं नाही." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. शाबासकी मिळायला हवी होती असंच वाटत होतं.

तुमच्याबद्दल लोक 'फटकळ' म्हणतात ते खरंच आहे. एकदा मी तुम्हाला न विचारता चालू स्विचवर एक सेटिंग बदलून बघत होते, तेव्हा तुम्ही माझा हात धरून कीबोर्डवरून उचलला होतात. "हे खेळणं आहे होय? पलीकडे माणसं आहेत!" दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यातून माझ्यासाठी शेंगाचटणी आणि भाकरी आणलीत आणि तेच सेटिंग कसं बदलायचं ते सुरुवातीपासून शिकवलंत. पण पलीकडे माणसं आहेत, हे वाक्य तुम्ही नेहमी म्हणायचात. आम्ही बाकीचे सगळे 'ट्रॅफिक' म्हणायचो. तुम्ही तो शब्द फक्त साहेबांशी बोलताना वापरायचात.

आणि मग ती दुपार.

कॉलेजच्या मुलींची सहल गोव्याच्या बाजूला गेली होती. माझी धाकटी बहीण शैला त्यात होती. परतताना अळणावरच्या पलीकडे घाटात त्यांची बस उलटली. धारवाडला बातमी आणली ती एका ट्रकवाल्याने, आणि तो जे बोलला ते चहाच्या टपरीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचेतो 'बस दरीत गेली, कोणी वाचलं नाही' असं झालं. मोबाईल तेव्हा मोजक्याच माणसांकडे. धारवाड, हुबळी, आसपासची गावं, सगळ्यांनी एकाच वेळी कॉलेजला फोन लावायला सुरुवात केली. लागला नाही की पुन्हा, पुन्हा लागला नाही की शेजारच्या घरातून.

मी स्क्रीनसमोर होते. आकडे असे चढायला लागले की मला वाटलं यंत्रच बिघडलं. रिसीव्हर उचलला तर डायल टोन यायला वेळ लागत होता. गावातलं साधं बोलणंसुद्धा अडखळायला लागलं होतं. कोणीतरी दारातून ओरडलं, "कॉलेजची बस पडली!" आणि मी उठून दाराकडे निघाले. तुम्ही उठलात, मला तुमच्या खुर्चीत बसवलंत आणि स्वतः उभ्या राहून कीबोर्ड ओढून घेतलात.

"शैला त्या बसमध्ये आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. आधी अँब्युलन्सला वाट करून देऊ. ती शैलाकडेच जाणार आहे."

तुमचे हात मला अजून दिसतात. दवाखान्यांच्या लाइनी मोकळ्या केल्यात. कॉलेजच्या नंबरांवर अंतर घातलंत. हुबळीच्या एक्स्चेंजला फोन करून तिकडेही तेच करायला लावलंत, शब्दन् शब्द सांगून, अजिबात आवाज न चढवता. स्विच दमानं चालायला लागला. अळणावरहून हुबळीच्या मोठ्या इस्पितळाला फोन लागला, रक्त लागेल, तयार राहा, असा निरोप गेला. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्या दिवशी हुबळीला पोचवलेल्या जखमी मुली वाचल्या, त्यात डॉक्टरांचा हात आहेच. पण डॉक्टरांपर्यंत निरोप पोचला त्यात तुमचा आहे, आणि हे त्या मुलींना आजही ठाऊक नाही.

एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. नियमाप्रमाणे काम झालं होतं. तुम्ही मात्र स्क्रीनकडे बघून चरफडत होतात. "बघ, लोक थांबत नाहीत. आपण अडवतोय आणि ते पुन्हा फिरवतायत."

"मग थोडे जास्त सोडू या," मी म्हटलं.

"कोणाकडे सोडतेस? तिथं फोन घेतोय तो कॉलेजचा कारकून. त्याला काही ठाऊक नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडे हजार माणसं पाठवली तरी ती परत येणारच की." मग जरा थांबून म्हणालात, "कोणाला ठाऊक आहे ते शोध."

ठाऊक होतं ते सहलीबरोबर गेलेल्या प्राध्यापिका बाईंना. त्या अळणावरच्या दवाखान्यात होत्या. तुम्ही तिथली लाइन धरून ठेवलीत आणि त्यांना फोनवर बोलावलंत. त्या नुसत्या रडत होत्या. तुम्ही कन्नडमध्ये इतक्या हळू बोललात, जणू लहान मुलीला निजवताय. "मॅडम, जी मुलगी तुमच्या डोळ्यांसमोर आहे तिचंच नाव सांगा. ऐकलेलं नको, बघितलेलं." मी नावं उतरून घेत होते. कितव्या नावाला शैला आली ते मला सांगता यायचं नाही, कारण त्यापुढची काही नावं मला दोनदा विचारावी लागली.

सगळी नावं आली. एक सोडून. रेणुका, केलगेरीची. तिला कोणी शेवटी कुठं बघितलं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे तिला पहिल्या जीपमधून हुबळीला नेलं, कोणी म्हणे नाही.

मग तुम्ही साहेबांना हुबळीला फोन लावलात. अडवलेल्या फोनांना 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' अशी जी टेप ऐकू जायची, तिच्या जागी सुखरूप असलेल्या मुलींची नावं वाजवायची, अशी तुमची कल्पना. साहेब म्हणाले, हे नियमात बसत नाही. तुम्ही म्हणालात, "साहेब, लाइनी व्यस्त आहेत हे लोकांना कळलंय. पोरगी जिवंत आहे का हे कळलेलं नाही." मग साहेबांचा आवाज आला, "नीट वाचा. एकही नाव चुकू देऊ नका."

मी उठलेच होते. टेपचं यंत्र पुढे ओढलं. तुम्ही म्हणालात, "रेकॉर्ड करून तयार ठेव. लावू नको."

"का?"

"रेणुकाच्या घरी काय ऐकू जाईल?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. सगळी नावं वाचली जातील, आणि त्या एका घरात कोणीतरी रिसीव्हर कानाला लावून आपल्या पोरीचं नाव येण्याची वाट बघत राहील.

"पण अक्का, बाकीची एवढी घरं..."

"ठाऊक आहे."

"एका घरासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवायचं?"

"मी केलगेरीला पोचेपर्यंत," तुम्ही म्हणालात आणि स्कूटरची किल्ली उचललीत. दारात वळून आणखी दोन गोष्टी सांगितल्यात. एक, "नावं वाचताना आवाज भरून आला तर पुन्हा पहिल्यापासून वाच. लोकांना वाटेल हिला काहीतरी ठाऊक आहे आणि ही लपवतेय." आणि दुसरं, "तुझ्या बाबांना आत्ताच्या आत्ता फोन कर. तुझ्या बाबांना ठाऊक नाही म्हणून कोणाचं भलं होणार नाही."

मी बाबांना फोन केला. दुकानात ते काउंटरला धरून उभे होते म्हणे. शैला बरी आहे म्हटल्यावर त्यांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "आणि बाकीच्या पोरी? आपल्या शेजारच्या गल्लीतल्या दोघी हायत त्यात. त्यांच्या घरी सांगू काय?"

मी म्हटलं, "बाबा, थोडं थांबा. सांगतील."

त्या दुपारी स्कूटरला सप्तापूरवरून केलगेरी गाठायला लागला तेवढा वेळ मी आयुष्यात दुसऱ्यांदा काढू शकणार नाही. मी नावं वाचून टेप तयार केली. कन्नडमध्ये एकदा, मराठीत एकदा. शैलाचं नाव जिथं यायचं तिथंच घेतलं. हुबळीच्या एक्स्चेंजलाही तीच टेप फोनवरून दिली. सगळं तयार होतं, आणि स्क्रीनवर अडवलेल्या फोनांचा आकडा तसाच वर होता. त्यातला प्रत्येक फोन म्हणजे कोणाची तरी आई. मला तुमचा राग आला होता, अक्का. खराखुरा राग.

मग फोन वाजला. तुमचा आवाज. "सुरू कर." मागे पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येत होता, आणि मग तोही बंद झाला.

मी टेप लावली. त्यानंतर जे झालं ते मी नंतर शिकाऊ पोरांना कितीदा तरी सांगितलं आहे. लोक फोन लावत, ऐकत, आणि ठेवून देत. पुन्हा फिरवत नसत. चढलेला आकडा उतरायला लागला. कोणी ढकललं नाही, कोणी अडवलं नाही, आपणहून उतरला. थोड्या वेळाने मी अंतर काढून टाकलं तरी काही बिघडलं नाही. गर्दी फोनांची नव्हतीच.

रेणुकाने हुबळीच्या वाटेवरच प्राण सोडला होता. ते आम्हाला संध्याकाळी कळलं. तिची आई पार्वतव्वा. नवरा आधीच गेलेला, गिरणी चालवून पोरीला शिकवणारी. तिला ते कळलं तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी होतात. त्या संध्याकाळी तुम्ही एक्स्चेंजला परत आला नाहीत. दुसऱ्या दिवशी आलात, स्वेटर घातलात, आणि निकालाच्या दिवशी बसायचात तशाच बसलात. मी काही विचारलं नाही.

वाद सुरू झाला तो काही आठवड्यांनी, गिरमिटाच्या गाड्यावरच. मी म्हटलं, "तुम्ही केलगेरीला जाईपर्यंत जे लोक तळमळत राहिले त्यांचं काय? त्यांचा काही हिशेब नाही?" तुम्ही म्हणालात, "आहे की." मी म्हटलं, "मग?" तुम्ही म्हणालात, "तुझंही बरोबर आहे." आणि मिरची खायला लागलात.

तो वाद आपण किती वर्षं घातला! तुमची बदली झाली, माझी झाली, तुम्ही निवृत्त झालात, मी मोबाईलच्या नेटवर्कवर काम करायला लागले, तरी तो चालूच. मळमड्डीला तुमच्या व्हरांड्यात चहा पिताना मी नव्या बाजूने तो काढायची. कधी म्हणायचे, अशा निर्णयाला एका माणसाचं मन पुरत नाही. कधी म्हणायचे, समजा रस्त्यात स्कूटर बंद पडली असती तर? तुम्ही ऐकून घ्यायचात. तुम्हाला माझं खोडून काढता येत नव्हतं अशातला भाग नाही. साहेबांना तुम्ही एका वाक्यात गप्प केलं होतंत. पण या एका बाबतीत तुम्ही मला कायम जिंकू दिलंत. "तुझंही बरोबर आहे, तंगी." मला त्याने अधिकच चीड यायची.

तुमचं दळण मात्र तेव्हापासून केलगेरीला गेलं. मळमड्डीत गिरण्या नव्हत्या असं नाही. शनिवारी स्कूटरवर पायाशी जोंधळ्याचा डबा ठेवून तुम्ही निघायचात आणि दुपार तिकडेच काढायचात. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आज माझ्या हाताखाली जी मुलं-मुली काम करतात, ती माझ्यापेक्षा हुशार आहेत. गर्दी वाढली की आता यंत्रच आपणहून आवळतं. सणाच्या दिवशी, अफवेच्या दिवशी, मला नुसतं बघत बसायचं असतं. पण सेटिंग ठरवायला बसलो की मी त्यांना दोन प्रश्न विचारते. कोणाला अडवताय? आणि त्याला अडवल्याचं कारण कसं कळणार? पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं. दुसऱ्याचं शोधावं लागतं. मग त्यावर तासभर चर्चा होते आणि काहीतरी चांगलं निघतं. हा प्रश्न माझा आहे असं त्यांना वाटतं. मी त्यांना तुमचं नाव सांगितलंय, पण नाव सांगून माणूस थोडाच कळतो?

तुम्ही आजारी पडण्याआधी शेवटची भेट झाली तेव्हाही मी तोच विषय काढला होता. तुम्ही दमलेल्या दिसत होतात, म्हणून अर्ध्यावर सोडला. पुन्हा येईन तेव्हा बोलू, असं मनाशी म्हटलं. हे सगळेच म्हणतात, ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं सांगते.

काल मी केलगेरीला गेले. बाराव्याला पार्वतव्वा दिसल्या नव्हत्या. तुमच्या भाचीला विचारलं तर ती म्हणाली, त्यांना कळवायचं राहूनच गेलं. त्यांचा मोबाईल नंबर भाचीकडे होता. तिने मला दिलाही. मी फोन केला नाही. रिक्षा केली आणि गेले.

गिरणी आता त्यांचा पुतण्या चालवतो. पार्वतव्वा बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. मला त्यांनी ओळखलं नाही. मी शेजारी बसले आणि सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारलं, "तुमी कोन?"

मी म्हटलं, "अक्कांच्या ऑफिसातली. त्या दिवशी फोनवर नावं वाचली ती मी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमीच होय त्या?" म्हणाल्या. "आवाज लई साफ होता तुमचा. रडला नाहीसा."

म्हणजे त्यांनी ती टेप ऐकली होती. मी विचारलं, "अक्का तुम्हाला ऐकू देणार नव्हत्या ना? त्यासाठीच तर आधी तुमच्याकडे आल्या होत्या."

"आल्या आनि सरळ सांगितल्या. म्हनाल्या, बाकीच्या पोरी सापडल्या, रेणुकाचा अजून पत्ता नाही. आमी नावं सांगायचं थांबवून ठेवलंय. तुमी म्हनाल तेव्हा सुरू करतो. तुमी म्हनाल तेवढा वेळ थांबतो." पार्वतव्वांनी पदराने डोळे पुसले. "मी म्हटलं, अवो अक्का, त्या बायका तिकडं जीव मुठीत धरून बसल्या असतील. माझ्यासाठी कशाला थांबवलंय? लावा की फोन. मग अक्कांनी तुमाला फोन केला. मी गिरनी बंद केली, ऐकू यावं म्हनून. आनि कॉलेजचा नंबर फिरवून दोघींनी मिळून ऐकली सगळी नावं. एका रिसीव्हरला दोघींनी कान लावून."

अक्का, इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडले ते तुम्ही ठरवलंत असं समजून. एका घरासाठी बाकीच्या घरांना तुम्ही थांबवलंत असं समजून. तुम्ही ठरवलंच नव्हतं. तुम्ही विचारायला गेला होतात. आणि तिने उत्तर दिलं होतं, तिथल्या तिथं, गिरणीचा पट्टा फिरत असताना, आपली पोरगी कुठं आहे हे ठाऊक नसताना.

हे एक वाक्य तुम्ही मला त्या गिरमिटाच्या गाड्यावर सांगितलं असतंत तर मी जन्मभर तोंड उघडलं नसतं. सांगितलं नाहीत. का, ते मी काल परतीच्या रिक्षात समजून घेत होते. ते वाक्य पार्वतव्वांचं होतं. माझ्यासारखीशी वाद जिंकायला ते वापरणं तुम्हाला जमलं नसतं. म्हणून तुम्ही हरत राहिलात, व्हरांड्यात, चहाच्या कपामागे, हसत.

मला तुम्हाला सांगायचं होतं की मला आता कळलं. तुम्ही म्हणाला असतात, "तिला कशाला विचारलंस? सुम्ने, गप्प बसायचं की," आणि मग शैलाच्या मुलांची चौकशी केली असतीत, नाहीतर चहा पुन्हा गरम करायला उठला असतात. म्हणून हे लिहून काढलं, अक्का. इथं तुम्हाला विषय बदलता येत नाही.